परवलीवाचून प्रवेश : युनिक्समधील ‘विश्वासू यजमान’ पद्धतीचा उदय व अस्त

मुंबईहून ईशान्येकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण मागे पडल्यावर शहाड, आंबिवली व टिटवाळा ही स्थानके क्रमाने लागतात. कल्याण ते वाशिंद हा ह्या मार्गाचा टप्पा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाहतुकीस खुला केला. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून पुढे लोहमार्गांवर जी ब्लॉक पद्धती रूढ झाली, तिचे मर्म असे की, पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावाचून मागच्या स्थानकाने गाडी सोडावयाची नाही. आता आंबिवलीच्या दिशेने गाडी सोडावयाची आहे असे घटकाभर धरले, तर आलेला होकार आंबिवलीचाच आहे, दुसऱ्या कोणाचा नाही, हे मागच्या स्टेशनमास्तराने कशावरून ओळखावे? ब्लॉक यंत्राच्या बाबतीत ह्याचे उत्तर सोपे आहे. ज्या यंत्रावर खूण उमटली त्या यंत्राची तार पुढच्या स्थानकासच जोडलेली असते. तारेचे दुसरे टोक हीच तेथे ओळख.

परंतु यंत्र बिघडले आणि टेलिफोनवर काम चालवावे लागले, म्हणजे ही ओळख पुरेशी राहत नाही. आवाज कोणाचाही असू शकतो, आणि घाईत एका गाडीचा होकार दुसऱ्या गाडीस लागू शकतो. ह्यासाठी भारतीय रेल्वेत ‘प्रायव्हेट नंबर’ची योजना आहे. स्टेशनमास्तराजवळ क्रम नसलेल्या अंकांचा एक छापील तक्ता असतो. होकार देताना तो त्यातील एक अंक सांगतो, ऐकणारा तो वहीत नोंदवितो, आणि एकदा वापरलेला अंक खोडला जातो. एकाच कचेरीत, एकाच टेबलावर, ओळख पटविण्याच्या ह्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पहिलीत निरोप कोठून आला हे पाहावयाचे असते. दुसरीत निरोप देणाऱ्याजवळ काय आहे हे पाहावयाचे असते. युनिक्स व तत्सदृश प्रणालींमध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकात परवलीच्या शब्दावाचून प्रवेश देण्याची जी ‘विश्वासू यजमान’, म्हणजे ट्रस्टेड होस्ट, पद्धती १९८३ पासून सुमारे दीड दशक जगभर चालली, तिचा इतिहास हा पहिल्या रीतीकडून दुसऱ्या रीतीकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास होय.

ह्या पद्धतीचा उल्लेख आज बहुधा उपहासानेच होतो. पाठ्यपुस्तकांतून ती ‘असुरक्षित’ ह्या एका विशेषणाने निकालात काढली जाते. असा निकाल सोयीचा असला तरी तो इतिहास नव्हे. ज्या परिस्थितीत ती जन्मली त्या परिस्थितीत ती चूक नव्हती. परिस्थिती बदलली आणि नियम मात्र तसाच राहिला, ही खरी गोष्ट आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संगणक-प्रणाली संशोधन गटाने ऑगस्ट १९८३ मध्ये युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचे ह्या कामास अर्थसाहाय्य होते, आणि टीसीपी-आयपी ही जाळ्याची भाषा युनिक्समध्ये सर्वत्र पोहोचली ती ह्याच आवृत्तीमुळे. तिच्याबरोबर आरलॉगिन, आरएसएच व आरसीपी ही तीन छोटी साधने आली. पहिल्याने दूरच्या संगणकात प्रवेश करावयाचा, दुसऱ्याने तेथे एखादी आज्ञा चालवावयाची, तिसऱ्याने फाइली न्यावयाच्या-आणावयाच्या. नावारंभीचे ‘आर’ हे अक्षर दूरत्वाचे निदर्शक. ही साधने बिल जॉय ह्याने लिहिली आणि त्याच्या मते ती तात्पुरती होती. पुढे अधिक विचारपूर्वक रचलेल्या सोयी त्यांची जागा घेतील आणि तोवर वेगळी ओळखू यावीत म्हणून हे अक्षर लावले आहे, असा त्याचा हेतू असल्याचे बर्कले गटातील मार्शल कर्क मॅकुसिक ह्याने नमूद केले आहे. तात्पुरती म्हणून उभारलेली शेड कायमची होऊन बसते, हा अनुभव सरकारी बांधकाम खात्यापुरता मर्यादित नाही.

ह्या साधनांची गरज कोणती होती हेही पाहिले पाहिजे. विभागात एकाऐवजी पाच-सात यंत्रे आली होती. तीच माणसे, त्याच नावांनी, त्या सर्वांवर काम करीत. एका यंत्रावर परवलीचा शब्द देऊन आत आलेल्या माणसाला शेजारच्या यंत्रावर जाताना तोच शब्द पुन्हा विचारणे हे निरर्थक वाटे, आणि शिवाय तो शब्द तारेवरून उघडा जाई. म्हणून शब्द वारंवार न विचारणे ही केवळ आळसाची सोय नव्हती. त्या काळाच्या दृष्टीने ती गुप्ततेचीही सोय होती, हा मुद्दा सहसा विसरला जातो.

योजना दोन फाइलींवर उभी होती. पहिली ‘होस्ट्स डॉट इक्विव्ह’. ही यंत्राच्या व्यवस्थापकाची. हिच्यात ज्या यंत्राचे नाव असेल ते यंत्र ह्या यंत्राच्या तोडीचे मानावयाचे. तिकडील ‘जोशी’ हाच इकडील ‘जोशी’, असे गृहीत धरून त्याला विचारपूस न करता आत घ्यावयाचे. सर्वाधिकारी ‘रूट’ खात्यास मात्र ही फाइल लागू नसे. दुसरी फाइल ‘डॉट आरहोस्ट्स’. ही ज्याची त्याची खाजगी. प्रत्येक खातेदाराने आपल्या घरनिर्देशिकेत ती ठेवावयाची आणि कोणत्या यंत्रावरील कोणत्या नावाच्या माणसास आपल्या खात्यात येऊ द्यावयाचे ते ओळीगणिक लिहावयाचे. यंत्राचे नाव, मोकळी जागा, माणसाचे नाव, एवढीच एक ओळ. रूटचे खाते अशा रीतीने उघडता येई ते ह्या दुसऱ्या फाइलीने. फाइल खातेदाराच्याच मालकीची असावी, इतरांस तीत लिहिता येऊ नये, एवढी पथ्ये होती. नावाच्या जागी अधिकचे चिन्ह लिहिले तर त्याचा अर्थ ‘कोणीही’ असा होई. सन कंपनीच्या सनओएस प्रणालीत पहिली फाइल मुळातच एकट्या अधिक चिन्हासह येत असे. म्हणजे व्यवस्थापकाने ती आठवणीने बदलली नाही, तर सारे जग त्या यंत्राच्या तोडीचे ठरे.

प्रवेशाची रीत अशी. पाहुणे यंत्र आपल्या बाजूचे १०२४ च्या खालचे पोर्ट घेऊन यजमान यंत्राच्या ५१३ किंवा ५१४ ह्या पोर्टाशी जोडणी करी आणि माणसाचे तिकडील नाव व इकडील नाव कळवी. यजमान यंत्र पाहुण्याचा पत्ता पाही, त्यावरून नाव शोधी, आणि ते दोन फाइलींत आहे काय हे तपाशी. असल्यास प्रवेश, नसल्यास आरलॉगिन परवलीचा शब्द विचारी, आणि आरएसएच सरळ नकार देई. १०२४ च्या खालचे पोर्ट का? कारण बर्कलेच्या युनिक्समध्ये अशी पोर्टे फक्त रूटलाच घेता येत. त्यामुळे पोर्ट खालचे असेल तर बोलणारा सामान्य खातेदार नसून त्या यंत्राची प्रणाली स्वतः आहे, आणि ती ‘हा जोशी आहे’ असे सांगते तर ते खरे मानावे, असा तर्क होता.

हा तर्क तीन गृहीतांवर टेकलेला होता. जाळ्यातील प्रत्येक यंत्राचे रूट खाते जबाबदार माणसाच्या हाती आहे. पत्ता खोटा सांगता येत नाही. आणि पत्त्यावरून नाव सांगणारा विश्वासार्ह आहे. बर्कलेच्या एका इमारतीत ही तिन्ही बहुतांशी खरी होती. व्यवस्थापक एक, तार एक, आणि यंत्रांच्या नावांची यादी प्रत्येक यंत्रावर हाताने लिहिलेली. आंबिवलीच्या तारेचे दुसरे टोक जसे ठाऊक असते, तसेच हे टोकही ठाऊक होते.

गृहीते एकेक करून ढासळली, आणि पहिले ढासळले ते कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. घरोघर व टेबलोटेबली व्यक्तिगत संगणक आले, त्यांवर मालक हाच रूट झाला, आणि खालचे पोर्ट हे अधिकाराचे चिन्ह उरले नाही. तिसऱ्या गृहीताचे तसेच झाले. पत्त्यावरून नाव सांगण्याचे काम डीएनएस ह्या विकेंद्रित व्यवस्थेकडे गेले. तीत एखाद्या पत्त्याचे नाव काय हे त्या पत्त्याचा धारकच सांगतो. म्हणजे पाहुण्यास ‘तू कोण’ असे विचारावयाचे आणि त्याचे उत्तर यादीशी ताडून पाहावयाचे! मिळालेल्या नावावरून उलट पत्ता काढून तो जुळतो काय हे पाहण्याची दक्षता पुढे घेतली जाऊ लागली.

दुसरे गृहीत सर्वांत भक्कम वाटे. पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता कोणालाही खोटा लिहिता येईल, परंतु टीसीपीच्या जोडणीत यजमान एक आरंभक्रमांक त्या पत्त्यावर पाठवितो आणि तो क्रमांक परत सांगितल्यावाचून जोडणी पुरी होत नाही. खोटा पत्ता लिहिणाऱ्याला हे उत्तर पोहोचतच नाही. रॉबर्ट टी. मॉरिस ह्याने फेब्रुवारी १९८५ च्या बेल प्रयोगशाळेच्या एका तांत्रिक अहवालात ह्या भक्कमपणातील पोकळी दाखविली. ४.२ बीएसडीत हा आरंभक्रमांक दर सेकंदास ठराविक संख्येने आणि प्रत्येक जोडणीस तिच्या निम्म्याने वाढे. एकदा सरळ मार्गाने जोडणी करून चालू क्रमांक पाहिला की पुढचा अंदाजाने सांगता येई. उत्तर ऐकू येण्याची गरजच उरली नाही. आणि आरएसएचला तर एक आज्ञा पोहोचली की पुरे. तिचे फळ पाहुण्याला दिसले नाही तरी ती अमलात येतेच. स्टीव्हन बेलोव्हिन ह्याने १९८९ मध्ये टीसीपी-आयपीच्या दोषांवरील आपल्या निबंधात हाच मुद्दा विस्ताराने मांडला. दोन्ही लेखांनंतर जगातील यंत्रांवरील दोन फाइली जशाच्या तशा राहिल्या.

त्याच मॉरिसने, कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी असताना, २ नोव्हेंबर १९८८ रोजी जाळ्यात एक स्वयंप्रसारी कार्यक्रम सोडला. ‘मॉरिस वर्म’ ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्या वेळच्या सुमारे साठ हजार यंत्रांपैकी सहा हजारांस तो बाधला, असा अंदाज पुष्कळदा दिला जातो. तो अंदाजच आहे. त्याचे प्रवेशमार्ग अनेक होते, परंतु येथे एकच महत्त्वाचा. एका यंत्रात शिरल्यावर तो दोन्ही विश्वासफाइली वाचून पुढे कोठे जावे हे ठरवी आणि आरएसएचने तेथे पोहोचण्याचा प्रयत्न करी. म्हणजे व्यवस्थापकांनी व खातेदारांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेली शेजाऱ्यांची यादी हीच त्याला वाटाड्या झाली.

येथे दोन फाइलींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण ह्या पद्धतीचे सर्वांत खोल वैगुण्य त्यात आहे. पहिल्या फाइलीत यंत्राचा व्यवस्थापक विश्वास ठेवी; दुसरीत कोणताही खातेदार, व्यवस्थापकास न विचारता, साऱ्या यंत्राच्या वतीने विश्वास ठेवी. मुंबईच्या बाजारात शाहजोग हुंडीची रक्कम पेढी केवळ ‘शाह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच देई, आणि हुंडी खोटी निघाली तर ती रक्कम परत करण्याचे उत्तरदायित्व त्या शाहावर येई. विश्वास तेथेही नावावरच होता. पण त्या नावामागे भरपाई उभी होती. ‘डॉट आरहोस्ट्स’मध्ये नाव लिहिणाऱ्यावर किंवा लिहिल्या गेलेल्या यंत्रावर असे कोणतेही दायित्व नव्हते. बँकेच्या शिपायाने आपल्या मित्रास तिजोरीच्या खोलीची किल्ली करून द्यावी आणि मॅनेजरास त्याचा पत्ताही नसावा, तसा हा प्रकार.

ह्या सुमारास महाराष्ट्रात काय चालले होते? भारतातील शैक्षणिक व संशोधन संस्थांचे एर्नेट हे जाळे इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हाती घेतले. मुंबईतील दोन संस्था तीत आरंभापासून होत्या: जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, आणि पवईची आयआयटी. प्रारंभी ह्या जाळ्यावर यूयूसीपी पद्धतीची टपाल एवढीच सेवा होती. एक यंत्र दुसऱ्यास टेलिफोन लावी, टपाल देई-घेई आणि फोन ठेवी. ह्या पद्धतीतही शेजाऱ्यांची यादी होती. पण तीत प्रत्येक शेजाऱ्याचा टेलिफोन क्रमांक व परवलीचा शब्द असे. शिवाय एक मार्मिक तरतूद होती: फोन आला तर तो ठेवून द्यावयाचा आणि यादीतील क्रमांकावर स्वतः उलट फोन करावयाचा. तारेचे दुसरे टोक स्वतः तपासण्याचा हा मार्ग एखाद्या दक्ष स्टेशनमास्तरासही पसंत पडला असता.

१९९० मध्ये एर्नेटला १४४.१६ ह्या आरंभाचा पत्त्यांचा संच मिळाला. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई ह्यांमध्ये ९.६ किलोबिट वेगाची पहिली भाड्याची तार सुरू झाली. १९९२ पर्यंत आयआयटी संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, इलेक्ट्रॉनिक्स खाते व जुहूचे केंद्र अशा तारांनी जोडले गेले, आणि त्याच वर्षी जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियातील यूयूनेटपर्यंत ६४ किलोबिटांची जोडणी झाली. आकडे आज हास्यास्पद वाटतील. परंतु विश्वासाच्या दृष्टीने पाहता १९९२ हे वर्ष मोठे आहे. त्यापूर्वी मुंबईच्या यंत्राशी बोलणारा कोण हे फोनच्या क्रमांकावरून कळे. त्यानंतर जगातील कोणत्याही यंत्राचे पाकीट त्याच तारेवरून, त्याच दाराशी येऊ लागले. बर्कलेत जे संक्रमण जवळजवळ दहा वर्षांत, नकळत झाले, ते येथे दोन-तीन वर्षांत उरकले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य ग्राहकांस इंटरनेट दिले, तेव्हा शेजार ह्या कल्पनेला भौगोलिक अर्थ उरलाच नाही.

तोवर मॉरिसचा १९८५ चा इशारा कागदावरून प्रत्यक्षात उतरला होता. २५ डिसेंबर १९९४ रोजी सॅन डिएगो येथील संगणकशास्त्रज्ञ त्सुतोमु शिमोमुरा ह्याच्या यंत्रांवर हल्ला झाला. तो केव्हिन मिटनिक ह्याच्या नावाशी जोडला जातो. शिमोमुराच्या एका यंत्राचा दुसऱ्यावर विश्वास होता. हल्लेखोराने विश्वासपात्र यंत्राच्या त्या पोर्टावर अर्धवट जोडण्यांचा मारा करून ते मुके केले, कारण ते बोलते राहिले असते तर ‘ही जोडणी माझी नव्हे’ असे त्याने कळविले असते. मग आरंभक्रमांकाचा अंदाज बांधून, त्या मुक्या यंत्राचा पत्ता लावून, दुसऱ्या यंत्राकडे एकच आज्ञा पाठविली. तिचे काम रूटच्या ‘डॉट आरहोस्ट्स’ फाइलीत दोन अधिक चिन्हांची एक ओळ जोडणे एवढेच: कोणतेही यंत्र, कोणताही माणूस. २३ जानेवारी १९९५ रोजी अमेरिकेतील सर्ट ह्या संस्थेने ह्या प्रकारच्या हल्ल्यांविषयी सूचनापत्रक काढले. आरंभक्रमांक अंदाजाने सांगता येऊ नये ह्यासाठीची योजना बेलोव्हिनने मे १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. भोक बुजले, परंतु पत्ता म्हणजे ओळख हे तत्त्व तोवर टिकाऊ राहिले नव्हते.

१९९५ मध्येच हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरून ऐकले गेले. त्यामुळे तेथील टाटू युलोनेन ह्याने एसएसएच हे साधन लिहिले आणि त्या वर्षीच्या जुलैत ते प्रसिद्ध केले. त्याच्यासाठी त्याने २२ हे पोर्ट मागून घेतले, कारण त्याला ज्यांची जागा घ्यावयाची होती त्या एफटीपीचे २१ व टेलनेटचे २३ ह्यांच्या मधले तेच रिकामे होते. ह्या साधनाने आरलॉगिनची सवय मोडली नाही, हे त्याच्या यशाचे मोठे कारण. आज्ञांची धाटणी तीच, परवलीवाचून प्रवेशही तोच. बदलला तो पुरावा. खातेदार आपल्या किल्लीचा उघड अर्धा भाग यजमान यंत्रावरील ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलीत ठेवतो आणि गुप्त अर्धा भाग स्वतःजवळ. प्रवेशाच्या वेळी गुप्त भाग आपल्याजवळ आहे हे तो तारेवरून तो भाग न पाठविता सिद्ध करतो. पत्ता कोणताही असो.

विशेष हे की जुनी पद्धती एसएसएचने टाकून दिली नाही. यंत्रायंत्रांतील विश्वासाची तरतूद तीत राहिली, फक्त पाहुण्या यंत्राने आपली स्वतःची किल्ली सिद्ध करावी अशी अट आली, आणि विश्वासफाइलींस ‘एस’ हे अक्षर जोडून नवी नावे मिळाली. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडीबरोबर आलेल्या ओपनएसएसएचने व जानेवारी २००६ च्या प्रमाणपत्रकांनीही ती तरतूद कायम ठेवली आहे. समूह-संगणकांत, जेथे शेकडो यंत्रे एका खोलीत, एका व्यवस्थापकाखाली, एकाच दर्शनी यंत्रामागे असतात, तेथे तिचा उपयोग आजही होतो. आणि ती खोली म्हणजे १९८३ चे बर्कलेच आहे.

नव्या पद्धतीचा हिशेब मात्र पुरा झालेला नाही. यजमान यंत्राशी पहिल्याने जोडणी करताना एसएसएच त्याच्या किल्लीचा ठसा दाखवून ‘हे ओळखीचे नाही, पुढे जावयाचे काय’ असे विचारते, आणि तो ठसा दुसऱ्या मार्गाने ताडून न पाहताच ‘होय’ म्हणण्याची सवय सार्वत्रिक आहे. किल्ल्यांचे त्याहून बिकट आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने स्वयंचलित प्रवेशाच्या व्यवस्थेविषयी एक अहवाल काढला. त्याच्या लेखकांत स्वतः युलोनेन आहे. किल्ल्यांची मोजदाद ठेवावी, ज्यांचा मालक सापडत नाही त्या काढून टाकाव्यात, ठराविक काळाने त्या बदलाव्यात, असे त्यात सांगितले आहे. खातेदाराने व्यवस्थापकास न विचारता आपल्या घरनिर्देशिकेत लिहिलेली ओळ, ही ‘डॉट आरहोस्ट्स’ची अडचण, नाव बदलून ‘ऑथराइज्ड कीज’मध्ये आली आहे. रेल्वेच्या तक्त्यातील अंक एकदा वापरला की खोडला जातो. ह्या फाइलीतील किल्लीला मात्र साधारणतः मुदत नसते, आणि ज्याच्यासाठी ती लिहिली तो माणूस नोकरी सोडून गेला तरी ती ओळ तेथे राहते.